सासूचा पंचम, सुनेचा षड्ज: सातवीच्या वर्गातला हादगा

सणांची गाणी शिकवणं हे शाळेतलं सगळ्यांत सोपं काम आहे, असं संगीताचे शिक्षक सोडून बाकी सगळ्यांना वाटतं. गाणी मुलांना अर्धीअधिक पाठ असतात, पालक खूश होतात, सूचनाफलकावर फोटो लागतात. पाचवीपर्यंत हे खरंही आहे. सहावी ते आठवी या तीन वर्षांत मात्र तेच मूल तेच गाणं म्हणायला तयार होत नाही, आणि झालंच तर त्याच्या गळ्यातून त्यालाच न ओळखता येणारा सूर बाहेर पडतो. इथे मांडलेलं प्रकरण या वयातलं आहे. सातवीची एक तुकडी, हादग्याचा पाठ आणि दोन्ही जमवू पाहणाऱ्या संगीताच्या बाई.

शाळा सांगली जिल्ह्यातली, कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावातली. अनुदानित, मराठी माध्यमाची, मुलं-मुली एकत्र. तुकडीत चाळीसच्या वर पोरं. संगीताच्या आठवड्याला दोन तासिका. त्यातली एक शनिवारी सकाळची, म्हणजे कसलीही सभा निघाली की पहिला बळी तिचा. साधनं म्हणजे एक पेटी, एक तबल्याची जोडी, चार-पाच टाळ आणि कपाटावर ठेवलेल्या लेझिमी. मी निवृत्त संगीत शिक्षक. बाईंनी "सर, एकदा येऊन बसा आणि काय चुकतंय ते बघा" म्हटलं म्हणून ऑगस्टअखेरपासून हादगा संपेपर्यंत त्या वर्गात मागच्या बाकावर बसत होतो. माणसांची आणि शाळेची नावं मुद्दाम घालत नाही.

मागणी काय होती

मुख्याध्यापिकांची मागणी साधी होती. आश्विनात एका दुपारी पालकांसमोर हादगा करायचा. सातवीच्या मुली परकर-पोलक्यात फेर धरून गातील, मुलगे लेझीम खेळतील. तीस-चाळीस मिनिटांचा कार्यक्रम. सहामाही परीक्षा तोंडावर असल्यामुळे जास्त वेळ द्यायचा नाही.

आमच्या भागात हादगा म्हणतात, पुण्याकडे भोंडला. विदर्भ-खानदेशात त्याची बहीण भुलाबाई, तिथे मातीच्या भुलाबाई-भुलोजी असतात आणि ती भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत बसते. हादगा मूळचा हस्त नक्षत्राचा, सूर्य हस्तात गेला की सुरू. पाटावर हत्ती काढायचा किंवा त्याचं चित्र भिंतीवर लावायचं, भोवती फेर धरायचा. जुनी रीत सोळा दिवसांची: पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत जायचं. आता बहुतेक ठिकाणी नवरात्रातल्या नऊ दिवसांत किंवा एका दुपारीच आटोपतात. ही गाणी सासुरवाशिणींची. लहान वयात लग्न होऊन गेलेल्या पोरींनी वर्षातून काही दिवस एकत्र येऊन सासू, नणंद, दीर, वेडा नवरा यांच्याबद्दल मोकळ्या तोंडानं गायचं.

म्हणजे तेरा वर्षांच्या मुलग्याला यातलं आपलं काय, हा प्रश्न पडणं स्वाभाविकच होतं.

वर्गात काय दिसलं

बाई पेटीवर काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी, सा धरून गायच्या. तो त्यांचा स्वतःचा स्वर, गळ्याला सोयीचा. पुढच्या दोन रांगांतल्या मुली त्यांच्याबरोबर नीट यायच्या. मागच्या बाकांवर तीन तऱ्हा होत्या. काही मुलगे गातच नव्हते, विचारलं तर उत्तर तयार: "हे पोरींचं आहे, बाई." काही गात होते, पण एक सप्तक खाली, आणि तिथे त्यांच्या आवाजाचा तळ लागत असल्यामुळे शब्द ऐकू यायचे, सूर नाही. उरलेले मान वर करून, शिरा ताणून मुलींच्या स्वरापर्यंत पोचायला बघायचे. ओळीच्या मधेच आवाज फाटायचा आणि सगळा वर्ग हसायचा. फाटलेल्या आवाजाचा धनी पुढच्या ओळीपासून पहिल्या गटात सामील.

बाईंना वाटत होतं की अडचण वृत्तीची आहे, मुलगे लाजतात. मला ती आधी स्वराची वाटली आणि लाज नंतरची. "पोरींचं आहे" हे म्हणणं बऱ्याच जणांना सोयीचं निमित्त होतं. आपला आवाज लागत नाही हे कबूल करण्यापेक्षा गाणं आपलं नाही म्हणणं केव्हाही सोपं.

बारा ते चौदाच्या दरम्यान मुलाचं स्वरयंत्र झपाट्यानं वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज साधारण एक सप्तक उतरतो. मुलींचाही आवाज थोडा उतरतो, काही काळ त्यात हवा मिसळते, पण त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. मुलांचा बदल एका रात्रीत होत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी होतो. जॉन कूकसी या अमेरिकन संगीत शिक्षणतज्ज्ञानं या पायऱ्यांची नीट मांडणी केली. तिचा शिक्षकाच्या कामाचा भाग एवढाच: मधल्या पायऱ्यांवर गळ्याचा पल्ला आकसतो. वरचे स्वर निघून गेलेले असतात, खालचे अजून आलेले नसतात. मुलाच्या हाती मधले मोजके स्वर उरतात आणि त्यांतही कधी दगाफटका होतो.

आता काळी पाचचा हिशोब करा. पूर्ण फुटलेल्या आवाजाला मुलींच्या सप्तकात गायचं तर तो पल्ल्याच्या छताला टेकतो, आणि एक सप्तक खाली उतरला तर सा जमिनीखाली जातो. मधल्या पायरीवरच्या मुलाला खालचं सप्तक तर नाहीच. वर्गातल्या निम्म्या मुलग्यांना त्या स्वरात गाणं शक्यच नव्हतं, त्यांची तयारी असती तरी.

अशा मुलांसाठी आपल्या शाळांमध्ये एक वाक्य ठरलेलं आहे: "तू नुसते ओठ हलव." मागच्या स्नेहसंमेलनात या तुकडीतल्याही काही जणांना ते मिळालं होतं. कोणी सांगितलं हा मुद्दा नाही. मी नोकरी केली त्या प्रत्येक शाळेत ते ऐकलंय. समूहगान स्वच्छ ऐकू यावं एवढाच सांगणाऱ्याचा हेतू असतो. पण ज्या शिक्षकाला आवाज फुटण्याबद्दल काही माहीत आहे त्यानं हे वाक्य उच्चारू नये असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला अपवाद मी मानत नाही.

समोर असलेले रस्ते

पहिला रस्ता मुख्याध्यापिकांचाच होता: मुलग्यांना लेझीम. वाईट नव्हता. लेझीम इथल्या मातीतली, मुलांना आवडते, दिसायला छान. पण तेवढ्यानं मुलगे गाण्यातून कायमचे बाहेर जाणार होते, तेही नेमक्या त्या वर्षी.

दुसरा, मोबाईलवर मिळणारा तयार ट्रॅक लावून त्यावर गायचं. यावर वेळ घालवायचं कारण नाही. ट्रॅकचा स्वर दुसऱ्याच कुणाच्या गळ्याचा असतो.

तिसऱ्यावर विचार करण्यासारखं होतं. सगळ्यांना काळी एकला बसवायचं, फुटलेले आवाज खाली आणि मुली एक सप्तक वर. हादग्याच्या गाण्यांचा आवाका लहान असतो, चार-पाच स्वरांत बहुतेक गाणी मावतात, त्यामुळे हे जमण्यासारखं होतं. बाईंनी एक तास तसं करूनही पाहिलं. मुली ठीक, फुटलेले आवाज उत्तम. मधल्या पायरीवरची मुलं मात्र दोन्हीकडे अडली. खालचा सा त्यांना लागेना आणि वरच्या सप्तकात मध्यमाशी (म) पोचले की आवाज फाटे. संख्येनं ही मुलं थोडी होती, पण ओठ हलवणारी हीच.

गाण्यातच होतं ते

उपाय बाईंना सुचला, आणि तो गाणं स्वरलिपीत उतरवताना सुचला. श्रेय पूर्ण त्यांचं.

त्यांनी घेतलं होतं कारल्याच्या वेलाचं गाणं. सून माहेरी जाऊ का विचारते; सासू म्हणते, कारल्याची बी पेर आणि मग जा. बी पेरून झाली, आता जाऊ का? कोंब फुटू दे, मग जा. मग वेल चढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर, भाजी खा. प्रत्येक कडव्यात सासूची एक ओळ आणि सुनेची एक. शेवटी एकदाची परवानगी मिळते आणि वेणीफणी करून राणी माहेरी निघते. मूळ गाणंच दोघींच्या संवादाचं. फेरात मात्र सगळ्या मुली दोन्ही ओळी एकत्र म्हणतात, त्यामुळे त्यातली ही सोय आपल्या लक्षात येत नाही.

बाईंच्या चालीत ओळ षड्जापासून शुद्ध मध्यमापर्यंतच जात होती: सा रे ग म, चार स्वर. त्यांनी सासूच्या ओळीला काळी एकचा षड्ज दिला आणि सुनेच्या ओळीला काळी चारचा. पेटीवर मोजून बघा: काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार. सासूचा प तोच सुनेचा सा. सासू गाते सा रे ग म. सून तीच चाल तिच्या षड्जावरून गाते, आणि काळी एकच्या कानानं ऐकलं तर ती असते प ध नि सां. शुद्ध स्वरांच्या सप्तकाचे हे दोन तुकडे अंतरानं अगदी सारखे आहेत. पूर्वांग, म्हणजे सप्तकाचा खालचा अर्धा भाग, सासूचं; उत्तरांग, म्हणजे वरचा अर्धा, सुनेचं. ही मुलं पाचवीपासून सा रे ग म, प ध नि सां घोकत होती. सप्तक मधोमध दुमडता येतं आणि दोन्ही भाग एकमेकांवर बसतात, हे त्यांना पहिल्यांदा कळलं ते सासू-सुनेच्या भांडणातून.

गळ्यांच्या हिशोबानंही हे चपखल बसत होतं. फुटलेल्या आवाजांना काळी एकचा सा ते म म्हणजे घरचं अंगण. मुलींना काळी चार नेहमीचीच. आणि काळी चारचा सा ते म हा मधल्या पायरीवरच्या मुलांच्या पल्ल्याचा बरोबर मधला तुकडा. कोणाला ताणायला नको, कोणाला बुडायला नको.

वाटणी करताना बाईंनी दोन गोष्टी फार शहाणपणानं केल्या. एक, मुलगे-मुली अशी वाटणी केली नाही. बाकीचा वर्ग वहीत काही लिहीत असताना एकेकाला पेटीपाशी बोलावून पहिली ओळ दोन्ही स्वरांत गुणगुणायला लावली, वही तपासल्यासारखं, गाजावाजा न करता. ज्याला जिथे सोपं जाईल तिथे तो. दुसरं, गटांना "सासू" आणि "सून" म्हणण्याऐवजी "काळी एक" आणि "काळी चार" म्हटलं. त्यामुळे ज्या मुलग्यांचा आवाज अजून फुटला नव्हता ते मुलींच्या बरोबर उभे राहिले तरी त्यांना चिडवायला कोणाला शब्द सापडला नाही. ते नुसते काळी चारचे होते. आणि भारदस्त आवाजाची एक मुलगी आपण होऊन काळी एकमध्ये जाऊन बसली.

सासूची भूमिका हाती आल्यावर मुलग्यांची लाज कुठे गेली ते कळलं नाही. उलट आवरावं लागलं. कमरेवर हात, डोळे मोठे, आवाज मुद्दाम जाड. बाईंनी एक तास चाळे चालू दिले आणि पुढच्या तासाला एकच अट घातली: सासू कितीही खवट असू दे, मध्यम चढा लागता कामा नये.

तंबोऱ्याचा घोळ

तंबोरा मोबाईलच्या ॲपवर लावला होता, काळी एक, सा-प. काळी चारमधल्या एका मुलीनं तक्रार केली, "बाई, मी सा म्हणतेय पण तो प म्हणतोय." मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत मोलाचं वाक्य. तिच्या षड्जावरून बघितलं तर तंबोऱ्याचा सा हा तिचा मध्यम. म्हणजे त्याच तारा तिच्यासाठी मध्यमात लावलेला तंबोरा होत्या. बाईंनी ते फळ्यावर मांडलं. निम्म्या वर्गाला कळलं, निम्म्याला नाही, आणि सातवीत एवढं पुरे.

मिरज तिथून जवळ. सतार-तंबोरे घडवणाऱ्यांची ती पेठ; मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते पोरांनी बातम्यांत ऐकलेलं होतं, पण तंबोऱ्याला हात लावलेला बहुतेकांपैकी कोणी नव्हता. बाईंनी ओळखीतून एक तंबोरा चार दिवसांसाठी आणला. मधल्या जोडीच्या तारा छेडल्या की त्यातून षड्जाखेरीज आणखी स्वर निघतात हे ॲपवर ऐकू येत नाही, तिथे आलं. त्या तासाला हादगा बाजूलाच राहिला आणि बरंच झालं.

पाय आणि ताल

हादग्यात वाद्य नसतं. फेराची पावलं हाच ठेका. बाईंनी तबला बंद ठेवला आणि मुलांना फेरात मात्रेला एक पाऊल असं चालवलं. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, उजवा पाय. केरव्याच्या आठ मात्रा: सम पहिल्या मात्रेवर, 'खाली' (टाळी न देता हात उघडतात ती मात्रा) पाचव्या, दोन्ही वेळा उजवाच पाय पडतो. मग त्याच शब्दांना दादऱ्यात बसवलं, सहा मात्रा. आता खाली येते चौथ्या मात्रेवर आणि पाय डावा. सम उजवी, खाली डावी. डोळे मिटूनही कुठला ताल चालू आहे ते पाय सांगतात. पुढे तबल्यावर धा गे न ति, न क धिं न आणि धा धिं ना, धा तिं ना वाजवलं तेव्हा ओळखण्यात फारशी कोणाची चूक झाली नाही. फेर धरला की हे आपोआप होतं असं समजू नये. अर्धा फेर उलट्या पायानं निघाला होता आणि मधे दोन जण आपटले.

घरून आलेले प्रश्न

एका घरून विचारणा आली की हत्तीची पूजा होणार असेल तर आमच्या मुलाला सहभागी करू नये. दुसऱ्या एका पालकांनी तोंडी तेच विचारलं. शिक्षकदालनात यावर थोडी कुरबुर झाली, "गाण्यात कसला आलाय धर्म" वगैरे. माझ्या मते पालकांचा प्रश्न रास्त होता. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, असं संविधानाच्या २८व्या अनुच्छेदातच आहे. न गाण्याच्या हक्काचंही उदाहरण आहे: केरळातल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून शाळेतून काढलं, ती आदरानं उभी राहत होती एवढं पुरेसं आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल प्रकरणात सांगितलं. राष्ट्रगीताचं असं असेल तर हादग्याचं काय घेऊन बसलात.

बाईंनी दोन ओळींची चिठ्ठी घरोघर पाठवली. संगीताच्या तासाला पूजा नाही. पाटावर हत्तीच्या जागी तबला ठेवू. ज्याला शब्द म्हणायचे नसतील त्यानं ताल धरावा. कार्यक्रमाच्या दिवशी पूजा करायची की नाही हा निर्णय मुख्याध्यापिकांवर सोडला. त्यांनी ती आदल्या तासाला, हवं त्यांच्यापुरती, वेगळ्या खोलीत ठेवली. चिठ्ठीनंतर दोन्ही मुलं आली. एक गायलं, दुसऱ्यानं शेवटपर्यंत टाळ वाजवला आणि झकास वाजवला.

दुसरा प्रश्न वर्गातूनच आला, आणि तो मुलींचा होता. सून उलट का बोलत नाही? अशा गाण्यांत सासर द्वाड आणि माहेर सुरेख, आणि त्याच्या मधे मारझोडही असते. ती नऊ-दहा वर्षांच्या सुनांची गाणी आहेत हे बाईंनी सांगितलं. आपण आत्ताच त्या वयाच्या पुढे आहोत, हे मुलींनी लगेच ताडलं. चर्चा लांबली असती, पण शेवटच्या बाकावरून तोडगा निघाला: आपलं एक कडवं घालू. हादग्याच्या गाण्यांत हे नेहमीच होत आलंय, त्यामुळे परंपरेच्या दृष्टीनं अडचण नव्हती. मात्रा मोजून, अक्षरं बसवून, दोन तास भांडून जे ठरलं त्यात सून सांगते की भाजी फार कडू झाली हो सासूबाई, आता तुम्हीच जा आपुल्या माहेरा. काळी एकवाल्यांना हे पसंत नव्हतं, कारण शेवटचा शब्द त्यांच्या हातून जात होता. मतदान झालं. ते हरले.

कार्यक्रम आणि एक आजी

कार्यक्रम व्यवस्थित झाला, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. दोन फेर केले, बाहेरचा काळी चारचा, आतला काळी एकचा. परकर-पोलकी आली. लेझीमही झाली, मुली-मुलगे दोघांची. काही वडील सासू झालेल्या मुलांकडे बघून हसले. मुलांनी ते टाळ्या म्हणून घेतलं. खिरापत ओळखण्याच्या खेळात एका मुलानं आणलेला डबा हलवताच खुळखुळला आणि सगळ्यांनी एका सुरात भडंग म्हणून सांगितलं. सांगलीत भडंग लपवायचं तर डबा हलवायचा नसतो.

महत्त्वाचं झालं ते कार्यक्रम संपल्यावर. एका मुलीची आजी पुढे आली आणि म्हणाली, "चाल अशी न्हाई बाळा." तिनं गाऊन दाखवलं. तिच्या चालीत ओळ सुरू होताना षड्जाच्या खाली, मंद्र निषादाला (खालच्या सप्तकातल्या नि ला) स्पर्श करून वर येत होती. जास्त सुंदर होती, यात वाद नाही. मुलांनी ती लगेच उचलली. काळी एकला बसली. काळी चारला मात्र बिघडली: सुनेच्या षड्जाखालचा निषाद म्हणजे सासूच्या हिशोबानं तीव्र मध्यम, शुद्ध मध्यमाहून अर्धा स्वर चढा. तंबोरा कानात वाजत होता, सासूच्या ओळीतला शुद्ध मध्यम ताजा होता, त्यामुळे मुली सवयीनं शुद्ध मध्यमाला जात. आजी दर वेळी मान हलवे. कुठे चुकतंय ते तिला नाव घेऊन सांगता येत नव्हतं, पण चुकतंय हे पक्कं कळत होतं.

पूर्वांग-उत्तरांगाचा तो सुबक हिशोब सा ते म एवढ्यातच चालतो. खाली एक पायरी उतरलं की मोडतो. पुढच्या तासाला बाईंनी तेवढंच घेतलं. आजीची चाल, दोन्ही स्वरांत, आणि बिघडते ती नेमकी जागा शोधायची. शुद्ध आणि तीव्र मध्यमाचा फरक शिकवायला मी वर्षानुवर्षं यमन आणि बिलावल हे राग वापरले आहेत. या पोरांना तो आजीच्या मान हलवण्यावरून समजला.

काय साधलं, काय नाही

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत बाईंनी प्रत्येक मुलापुढे त्याचा सोयीचा स्वर आणि पल्ला लिहून ठेवला, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बघायचं ठरवलं. मला ही नोंद कार्यक्रमापेक्षा जास्त कामाची वाटते. सातवीत गट कायमचे नसतात. आज काळी चारला असलेला मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर काळी एकला येऊ शकतो. त्याला तसं हलू दिलं पाहिजे.

न साधलेलं असं: दोन-तीन मुलगे शेवटपर्यंत गायले नाहीत. त्यांच्या गळ्याला काही झालेलं नव्हतं, त्यांना गायचं नव्हतं. त्यांनी फेर धरला, पाय बरोबर टाकले. बाईंनी तेवढ्यावर त्यांना श्रेणी दिली. मी दिली असती का, सांगता येत नाही. दुसरं, हे सगळं संवादाच्या गाण्यामुळे जमलं. ऐलमा पैलमाला किंवा अक्कण मातीला असे दोन बोलणारे नाहीत, आणि ओढूनताणून वाटून दिले तर गाण्याचा जीव जातो. ती गाणी बाईंनी काळी चारलाच घेतली, आणि काळी एकवाल्यांना षड्ज-पंचम धरून उभं केलं. चाललं, पण त्यांना कंटाळा आला.

डिसेंबरात नाताळचं गाणं घ्यायचं ठरलं आहे. वर्गातली एक मुलगी मिरजेच्या चर्चमध्ये गाते. डॉ. वानलेस या मिशनरी डॉक्टरांच्या रुग्णालयामुळे तिथे जुनी ख्रिस्ती वस्ती आहे, आणि मराठी उपासनेत ना. वा. टिळकांची भजनाच्या वळणाची गीतं पिढ्यान्‌पिढ्या गायली जातात, ढोलकी-टाळांवर. ही मुलगी हादग्यातही काळी चारला सर्वांत स्थिर होती. शेजारी वेगळा सूर चालू असताना आपला धरून ठेवायची सवय तिला तिथूनच लागलेली. तिनं सुचवलेल्या गाण्याचा आवाका मात्र सप्तकाच्या बाहेर जातो. अंतरा वर चढतो तिथे काळी एकवाले अडणार हे बाईंनी आधीच वहीत लिहून ठेवलंय. अंतरा काळी चारनं म्हणायचा, धृपद दोघांनी मिळून, आणि मधल्या पायरीवरच्या मुलांना पुन्हा एकदा पेटीपाशी बोलावून तपासायचं. शनिवारची तासिका सभेला गेली नाही तर.